शिकेकाईपासून शाम्पूच्या पुडीपर्यंत



कोल्हापूरला आगगाडीने आलात, की स्टेशनालगत जी पेठ लागते ती शाहूपुरी. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ साली, शाहू छत्रपतींनी ही पेठ वसवली. ऊस आपल्या मुलखात पिकतो, गुऱ्हाळे आपल्या मुलखात पेटतात, तर गुळाची बाजारपेठही आपल्याच घरी असावी, एवढा साधा आणि दूरचा विचार त्यामागे होता. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. पण या पेठेने आणि गुळाच्या व्यापाराने आपल्या माणसांना एक विद्या शिकवली, ती मात्र अजून कुठे गेलेली नाही. ती विद्या म्हणजे पारख.

गुळाचा रवा पिवळाधमक दिसला की नवखा माणूस भुलतो. जाणता माणूस भुलत नाही. तो खडा काढून बघतो, कण बघतो, जिभेवर ठेवून बघतो. कारण त्याला ठाऊक असते, की काहिलीत हायड्रोसची पूड टाकली की काळसर गूळसुद्धा उजळ दिसू लागतो. रंग म्हणजे गूळ नव्हे, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

आता त्याच पेठेतल्या एखाद्या किराणा दुकानाच्या दाराशी उभे राहा. वर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. बाजाराला आलेली एखादी बाई म्हणते, "दोन पुड्या द्या हो." दुकानदार विचारतो, "कुठल्या देऊ, मावशी?" आणि मावशी सांगते, "कुठल्या बी द्या, फेस झाला म्हंजे झालं!"

बघा, हीच मावशी गूळ घेताना चार रवे चाखल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. मग जी वस्तू लेकराच्या टाळूवर चोळायची, जिचे पाणी डोळ्यांत जायचे, तिची पारख फेसावरून कशी काय? आजकाल पुष्कळ लोक विचारतात, की बिनविषारी शाम्पू कोणता घ्यावा? याचे उत्तर एका नावात देता येत नाही. परंतु डोई धुण्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास नजरेखालून घातला, तर ते उत्तर ज्याचे त्याला सापडते. तोच इतिहास आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ या शब्दापासूनच करू. 'शाम्पू' हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो आपल्याच देशातून तिकडे गेलेला आहे. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे. अंग रगडून घेण्याला साहेब लोक 'शाम्पू' म्हणू लागले. म्हणजे आपण ज्याला डोक्याची चंपी म्हणतो, तिचाच हा विलायती भाऊ! हा शब्द इंग्लंडात गाजवला तो शेख दीन महंमद या हिंदी माणसाने. त्याचा जन्म १७५९ सालचा, पाटण्याचा. कंपनी सरकारच्या फौजेबरोबर हिंडलेला हा माणूस १७८४ साली आयर्लंडात गेला, तिथे त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि पुढे इंग्लंडात समुद्रकाठच्या ब्रायटन गावी वाफेच्या आंघोळीचे आणि अंग रगडण्याचे स्नानगृह काढले. १८२२ साली त्याने त्यावर ग्रंथही छापला. इंग्लंडच्या दोन राजांचा 'शाम्पू करणारा' म्हणून तो ओळखला जाई. त्या काळी शाम्पू म्हणजे बाटलीतले काही नव्हते, ते हाताचे काम होते. केस धुणे हा अर्थ त्या शब्दाला पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला.

शब्द तिकडे गेला आणि वस्तू होऊन परत आली. पण आपल्याकडे तोवर लोक डोके धूतच नव्हते काय? धूत होते, आणि झाडाझुडपांची चांगली ओळख ठेवून धूत होते.

आपल्या सह्याद्रीच्या रानात शिकेकाईची काटेरी वेल वाढते. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूच्या श्रोत्यांना ती वेगळी सांगायला नको. कन्नडात तिला सीगेकाई म्हणतात. 'काई' म्हणजे फळ किंवा शेंग. आपण सीमेवरचे लोक. शब्दही सीमेवरचाच घेतला. तिच्या शेंगेच्या सालीत फेस करणारे एक द्रव्य असते. शास्त्रज्ञ त्याला सॅपोनिन म्हणतात. हे द्रव्य तेलाला आणि मळाला पाण्यात ओढून घेते. शिवाय शेंगेच्या पाण्याला किंचित आंबटपणा असतो, आणि आपल्या कातडीचा स्वभावही किंचित आम्लच आहे. त्यामुळे मळ निघतो, पण केस अगदी कोरडे ठणठणीत होत नाहीत.

दुसरा रिठा. तो याहून कडक. संस्कृतात त्याचे एक नावच 'फेनिल', म्हणजे फेसाळ. मनुस्मृतीत कांबळी रिठ्याने शुद्ध करावीत असे सांगितले आहे, म्हणजे ही ओळख किती जुनी पाहा. आणि युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी रिठ्याच्या जातीला जे नाव दिले, सॅपिंडस, त्याचा अर्थच मुळी 'हिंदुस्थानचा साबण' असा आहे. याशिवाय आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा, वाळलेली संत्र्याची साल, मेथ्या, जास्वंदीची पाने, असा काष्ठौषधींचा परिवार होता. दिवाळीच्या पहाटेच्या अभ्यंगस्नानात तेल, उटणे आणि शिकेकाई ही तिन्ही एकत्र येत.

पण श्रोतेहो, जुने ते सगळे सोने, असे म्हणण्यात अर्थ नाही. शिकेकाई कांडायची, रात्री भिजत घालायची, सकाळी उकळायची, गाळायची, आणि तोवर चुलीवर घंगाळभर पाणी तापवायचे, हे सारे कोणी करायचे? घरच्या बाईनेच. विहिरीवरून पाणी आणायचे तेही तिनेच. म्हणून न्हाणे आठवड्याने, पंधरवड्याने येई. ज्यांच्या घरी शिकेकाईलाही पैसा नव्हता, त्यांच्या बायका मऊ माती लावून केस धूत. आणि शिकेकाई म्हणजे अमृत असेही नाही. तिचे पाणी डोळ्यांत गेले की पोरे किंचाळत, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. रिठ्याचे तर असे, की त्याचा चुरा ओढ्याच्या डोहात टाकून मासे गुंगवून पकडीत. जे द्रव्य माशाला भोवते ते डोळ्याला भोवणारच. झाडापासून निघाले म्हणून ते निरुपद्रवी, हा समज इतिहासात कधीच खरा नव्हता.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे, विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना. डोके धुणे ही चैन नव्हे. आपल्या कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात केसांत गुंता होऊन जट धरली, की ती देवीची आज्ञा समजत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने त्या मुलीला सोडून देत. जी मुलगी शाळेत जायची, संसार करायची, ती जोगतीण व्हायची. शाहू महाराजांनी या प्रथेला आळा घालण्यासाठी १९२० साली आपल्या संस्थानात कायदा केला. मुंबई प्रांताने १९३४ साली केला. महाराष्ट्रात त्यानंतरही नवा कायदा करावा लागला, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन जटा कापाव्या लागल्या. जट म्हणजे दुसरे काय? न विंचरलेल्या, नीट न धुतलेल्या केसांचा मळाने घट्ट झालेला गुंता. वेळेवर पाणी, कंगवा आणि धुण्याला काहीतरी मिळाले असते, तर कितीतरी मुलींचे आयुष्य वेगळे झाले असते. म्हणून 'विषारी' या शब्दाला घाबरून कोणी डोके धुणेच कमी करू नये. प्रश्न धुवावे की न धुवावे हा नाही. कशाने धुवावे, हा आहे.

आता साबणाकडे वळू. 'साबण' हाही बाहेरून आलेला पाहुणा. अरबीत तो 'साबून', पोर्तुगीजांत 'सबांव'. तेल किंवा चरबी आणि क्षार यांच्या संयोगाने साबण होतो. आपल्याकडचे परीट कपड्यांना राख, पापडखार, रिठा वापरीत. कारखान्यातला साबण घरोघर जायला लागला तो इंग्रजी अमदानीत. १८८८ साली लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण पेट्या भरभरून कलकत्ता बंदरात उतरू लागला. तेव्हा चरबीचा साबण अंगाला कसा लावावा, असा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. स्वदेशीच्या चळवळीने त्याला धार आली. मग १९१६ साली म्हैसूर सरकारने बंगलोरला साबणाचा कारखाना काढला, आणि १९१८ साली आर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून केलेला 'चावी छाप' साबण बाजारात आणला. ध्यानात घ्या, 'यात काय आहे?' हा प्रश्न आपल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. तो धर्माच्या भावनेतून विचारला असेल, पण विचारला. आणि तो विचारला म्हणून कारखानदारांना उत्तर द्यावे लागले. ग्राहकाच्या एका प्रश्नात एवढी ताकद असते.

पण साबण केसांना मानवला नाही. त्याचे कारण ज्यांच्या विहिरीचे पाणी जड आहे, त्यांना ताबडतोब कळेल. जड पाण्यात चुन्याचे क्षार असतात. त्यांची आणि साबणाची गाठ पडली की पांढरा चिकट साका तयार होतो, आणि तो केसांवर बसतो. केस राठ होतात. म्हणून साबणाने न्हाल्यावर शेवटी लिंबाचे किंवा चिंचेचे पाणी घेण्याची युक्ती बायकांनी काढली. तो साका आंबटाने सुटतो. ही रसायनविद्या न्हाणीघरात जन्मली.

हीच अडचण पाश्चात्त्य देशांतही होती. जर्मनीत हान्स श्वार्त्सकोफ यांनी १९०३ साली बर्लिनमध्ये केस धुण्याची पूड पुड्यांतून विकायला काढली. पुडी ही कल्पना तितकी जुनी आहे! पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला, तेव्हा चरबीवाचून मळ काढणारी द्रव्ये रसायनशाळेत तयार होऊ लागली. त्यातून १९३४ साली अमेरिकेत 'ड्रीन' हा साबण नसलेला शाम्पू आला. जड पाण्यातही तो साका धरत नसे. आज जो शाम्पू आपण वापरतो, त्याची वंशावळ इथून सुरू होते.

आपल्याकडे सनसिल्क आला तो १९६४ च्या सुमारास. त्या काळी शाम्पूची बाटली म्हणजे शहरातल्या खात्यापित्या घरची वस्तू. खेड्याला ती दाखवली कोणी? तर तामिळनाडूच्या कडलूर गावच्या चिन्नी कृष्णन नावाच्या गृहस्थांनी. जे श्रीमंत बाटलीने घेतो, ते गरिबाला चिमटीएवढ्या पुडीत घेता आले पाहिजे, असा त्यांचा विचार. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली वडिलांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन 'चिक' शाम्पूची पुडी काढली. खेड्यांत जाऊन, मुलांची डोकी धुऊन दाखवून त्यांनी ती विकली. बघता बघता सगळ्याच कंपन्या पुडीवर आल्या. रुपयाच्या पुडीने शेतमजूर बाईलाही आठवड्याला डोके स्वच्छ धुता येऊ लागले. हा लाभ लहान नाही. ज्या कामात तिची अर्धी सकाळ जात होती, ते आता घटकाभरात होऊ लागले.

आता मुख्य प्रश्न. या शाम्पूत विष असते काय?

विष म्हणजे काय, ते आधी ठरवू. मीठ अन्नाला चव आणते. पण मूठभर एकदम खाल्ले तर माणूस आजारी पडतो. मात्रा, मुदत आणि माणूस, या तिन्हींवर विषाचे विषपण ठरते. शाम्पू आपण पीत नाही, तो डोक्यावर दोन मिनिटे राहतो आणि पाण्याबरोबर जातो. त्यामुळे भयभीत होण्याचे कारण नाही. तरीही काही द्रव्ये अशी आहेत, की ज्यांच्याबद्दल जाणकारांनी सावध केले आहे. त्यांची नावे बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत असतात. मी ती सावकाश सांगतो. शिक्षकांनी टिपून घ्यावीत.

पहिले, सोडियम लॉरिल सल्फेट. हे फेस करणारे मुख्य द्रव्य. त्याने कर्करोग होतो अशी आवई पुष्कळ फिरते, तिला आधार नाही. परंतु ते कातडीला कोरडे करते, चुरचुर आणते, हे खरे. नाजूक कातडीच्या माणसाने आणि इसब असलेल्याने ते टाळावे. आणखी एक गंमत सांगतो. पुष्कळदा हे द्रव्य खोबरेल तेलापासूनच काढलेले असते. म्हणून 'नारळापासून बनवलेले' असे छापले तर ते खोटे ठरत नाही, पण त्यातून तुम्हाला कळतेही काही नाही!

दुसरे, त्याचे सौम्य केलेले भावंड, सोडियम लॉरेथ सल्फेट. ते कातडीला कमी झोंबते. मात्र ते तयार करताना डायऑक्सेन नावाचे एक अशुद्ध द्रव्य अत्यल्प प्रमाणात मागे राहू शकते. कर्करोगाचा संशय असलेल्या द्रव्यांत त्याची गणना होते. कारखान्यात नीट शुद्धीकरण केले तर ते काढता येते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली कायदा करून शाम्पूसारख्या वस्तूंत त्याला मर्यादा घातली. कारखानदाराने कष्ट घेतले की नाही, हे मात्र बाटली पाहून कळत नाही.

तिसरे, कोकामाइड डीईए. हे केवळ फेस वाढवण्यासाठी आणि शाम्पू दाट दिसण्यासाठी घालतात. जनावरांवरील प्रयोगांवरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने याला 'माणसाला कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले आहे. आता मघाची मावशी आठवा. तिला हवा होता फेस; आणि फेसासाठीच हे द्रव्य. फेसाने मळ निघत नाही, श्रोतेहो. मळ निघतो तो पाण्यात विरघळलेल्या द्रव्याने. तेलकट डोक्यावर चांगल्या शाम्पूचासुद्धा पहिल्या वेळी फेस कमीच होतो. फेस हा शाम्पूचा रंग आहे, जसा गुळाचा पिवळा रंग.

चौथा गट टिकाऊपणाच्या द्रव्यांचा. यांच्यावर लोकांचा फार राग. पण थोडे थांबा. घरी उकळलेले शिकेकाईचे पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, त्यावर बुरशी धरते. बाटलीतला शाम्पू वर्ष-दोन वर्षे टिकायचा, तर त्यात काहीतरी घालावेच लागणार. लोणच्यात आपण मीठ आणि तेल घालतोच ना? तेव्हा प्रश्न टिकवण्याचा नसून कशाने टिकवायचे याचा आहे. डीएमडीएम हायडँटॉइन या नावाचे द्रव्य हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडते, आणि फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे. ते टाळलेले बरे. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव दिसले, तर ज्यांच्या कातडीला पटकन खाज येते त्यांनी दूर राहावे. २०१३ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवले होते. आणि पॅराबेन? त्यांच्याबद्दल वाद चालू आहे. युरोपने २०१४ साली त्यांतील पाच प्रकार बंद केले आणि बाकीचे ठराविक मर्यादेत राहू दिले.

पाचवे, सुगंध. यादीत नुसता 'परफ्यूम' हा एक शब्द असतो, पण त्यात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात. कातडीला खाज येण्याचे ते एक मोठे कारण. तान्ह्या मुलांसाठी बिनवासाचे घ्यावे.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० सालचा. १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने त्यात आली, आणि २०२० साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाले. त्यानुसार वेष्टनावर कारखानदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत असली पाहिजे. घटकांची यादीही असली पाहिजे, आणि जो घटक जास्त तो आधी, असा क्रम पाहिजे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येतात.

परंतु यात एक मेख आहे. द्रव पदार्थ ६० मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर त्या वेष्टनावर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. म्हणजे काय झाले, पाहा. शहरातला माणूस मोठी बाटली घेतो, त्याला यादी वाचायला मिळते. खेड्यातली बाई पुडी घेते. तिच्या पुडीवर यादी असेलच असे नाही. जिने सर्वांत जपून पैसा खर्च करायचा, तिलाच सर्वांत कमी माहिती! पुडी लहान आहे, जागा नाही, हे खरे. पण दुकानात पुड्यांची अख्खी माळ असते. त्या माळेबरोबर एक कागद देता येणार नाही काय? शंभर वर्षांपूर्वी चरबीबद्दल विचारणाऱ्या ग्राहकाने साबण बदलला. हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे.

तोवर काय करावे? काही साध्या गोष्टी सांगतो.

पुडी घ्यायचीच तर तोच शाम्पू मोठ्या बाटलीत कुठे दिसतो का बघा, आणि तिच्यावरची यादी कोणाकडून तरी एकदा वाचून घ्या. बहुधा वस्तू तीच असते. शेजारच्या चार घरांनी मिळून एक मोठी बाटली घेतली, तर यादीही मिळते आणि प्लॅस्टिकच्या पुड्याही उकिरड्यावर साठत नाहीत.

'हर्बल', 'नॅचरल', 'केमिकल फ्री' हे शब्द मोठ्या अक्षरांत दिसले, तर तिथे थांबू नका. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे पुष्कळदा असते. यादीत शिकेकाईचा अर्क कुठे आहे ते बघा. तो सुगंधाच्याही मागे, अगदी तळाशी असेल, तर चित्रातली शेंग बहुधा चित्रापुरतीच आहे.

परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसलेली पुडी, ती कितीही स्वस्त असो, घेऊ नका. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

नवा शाम्पू किंवा नवी पूड आणली, की आधी थोडीशी पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, थोड्या वेळाने धुऊन टाका, आणि एक-दोन दिवस वाट बघा. लाली आली, खाज सुटली, तर ती तुमच्यासाठी नाही. दुसऱ्याला चालते म्हणून आपल्याला चालेल असे नसते.

शाम्पू थोडा घ्या, पाण्यात पातळ करा, आणि धुताना पाणी भरपूर वापरा. केसांत राहिलेला शाम्पूच जास्त त्रास देतो.

आणि ज्यांना सवड आहे, हौस आहे, त्यांनी शिकेकाई जरूर वापरावी. बिया काढलेल्या शेंगा, थोडी आवळकाठी आणि नागरमोथा रात्री भिजवावे, सकाळी उकळून फडक्याने नीट गाळावे, आणि त्याच दिवशी संपवावे. रिठा घातलाच तर अगदी थोडा. डोळे मिटून घ्यावेत. तयार पूड आणायची, तर ती उघड्या पोत्यातली न आणता शेंगा आणून स्वतः दळून घ्यावी, म्हणजे भेसळीची धास्ती नाही.

शिक्षकांना एक काम सुचवतो. एका शनिवारी मुलांना घरातली शाम्पूची रिकामी बाटली आणि साबणाचा कागद आणायला सांगा. फळ्यावर दोन रकाने आखा. एकात समोरची मोठी अक्षरे लिहा, दुसऱ्यात मागची बारीक. दोन्ही वाचून झाल्यावर मुलांनाच विचारा, की वस्तू कोणत्या रकान्यात आहे? इंग्रजी, विज्ञान आणि शहाणपण, तिन्हींचा तास एकाच वेळी होईल. आणि ही मुले घरी जाऊन आईला, आजीला यादी वाचून दाखवतील, हा लाभ निराळाच.

शेवटी एक गोष्ट. डोक्यावरचे पाणी न्हाणीतून गटारात, गटारातून ओढ्यात, आणि ओढ्यातून पंचगंगेत जाते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वाटेत कितीतरी गावे तेच पाणी पितात. आपल्या डोक्यासाठी जे सौम्य, ते बहुधा नदीलाही सौम्य. म्हणून ही पारख एकट्याची नाही.

चाँपण्याच्या हातापासून निघालेला हा शब्द पुडीत शिरून आपल्या दाराशी आला. त्याला हाकलायला नको, आणि डोळे मिटून डोक्यावर घ्यायलाही नको. गुळाच्या बाजारात आपण जे शिकलो तेच इथे करायचे. रंगाला भुलायचे नाही, रवा फोडून बघायचा. पुढच्या खेपेला दुकानदाराने विचारले, "कुठला देऊ, मावशी?" तर मावशीने म्हणावे, "आधी मागलं बारीक लिवलेलं वाचून दाखवा, मग सांगते!"

नमस्कार.